रिकामी डबी

रंगाऱ्याच्या बायकोला रंगाचा वास सोसत नाही म्हटल्यावर लोक आधी हसत. हसून झालं की विचारत, "खरंच?" खरंच म्हटलं की पुढे काय बोलावं ते त्यांना सुचत नसे आणि ते हवापाण्याकडे वळत. तिला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. सहा वर्षं झाली होती.

सुरुवात साध्या तापाने झाली. ताप आठवड्यात उतरला, पण जाताना आपलं बिऱ्हाड तिच्याकडेच टाकून गेला. अंग दिवसभर ठणकायचं. चार भांडी घासली की दळण दळून आल्यासारखी ती भिंतीला टेकायची. मग नाक, कान आणि डोळे एकेक करून तिखट झाले. शेजारच्या घरात कुणी साबण बदलला तरी हिला कळे. ट्यूबलाइटची गुणगुण ऐकू येई. उन्हात उभ्या केलेल्या सायकलचं चाक चमकलं की कपाळाच्या डाव्या बाजूला खिळा ठोकल्यासारखं होई, आणि एकदा तो खिळा बसला की पुढचे एकदोन दिवस पडदे ओढून, शेजारी पातेलं ठेवून पडून राहायचं. पाच डॉक्टर झाले. सहाव्या डॉक्टरीणबाईंनी आजाराला एक नाव दिलं. ते इतकं लांबलचक होतं की रंगाऱ्याने ते कागदावर लिहून पाकिटात ठेवलं, आणि कुणी विचारलं की तो कागदच पुढे करी.

बरं होण्याची गोष्ट डॉक्टरीणबाईंनी काढली नाही. त्या म्हणाल्या, "सांभाळून राहायचं. काय चालतं, काय चालत नाही, ते तुमचं तुम्हालाच शोधावं लागेल." तेवढं सरळ बोलणारं कुणी भेटलं म्हणून ती त्यांच्याकडे टिकली.

मग नवराबायकोंनी शोधून काढलं. घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. तळमजल्यावर जिन्याखाली एक कोंदट खोली होती, तिथे नळ होता. रंगारी कामावरून आला की आधी त्या खोलीत शिरे. कामाचे कपडे तिथेच खुंटीला टांगी. हाताला खायचं तेल चोळून रंग काढी, मग बिनवासाच्या साबणाने डोक्यापासून पायापर्यंत आंघोळ, मग धुतलेले कपडे, आणि मग जिना. स्वतःच्या घरात शिरायला त्याला रोज अर्धा तास लागे. थंडीच्या दिवसांतही त्याने यात कधी हयगय केली नाही. तोंडाने मात्र एकदा म्हणाला होता, "चोराला एवढा वेळ लागला असता, तर त्याने धंदा सोडला असता."

ती रफू करी. हे काम ती लग्नाआधीपासून करत आली होती, आणि आजाराने बाकी सगळं नेलं तरी हे तेवढं ठेवलं. कोटाला कसर लागून भोक पडलेलं असे. ती शिवणीच्या आत दडलेल्या कापडातून त्याच कोटाचे धागे काढी, भोकावर आधी उभे धागे घाली, मग आडवे, एकाखालून एकावरून, आणि इस्त्री फिरवली की भोक कुठे होतं ते कोटाच्या मालकालाही सांगता येत नसे. उत्तरेच्या खिडकीशी, ऊन थेट येत नाही अशा उजेडात, चांगल्या दिवशी तीन तास काम होई. वाईट दिवशी काहीच नाही. गिऱ्हाइकांचे कपडे आल्या आल्या तिच्याजवळ येत नसत. ते आठ दिवस गच्चीवरच्या दोरीवर वारा खात. कुणी घाई केली तर ती शांतपणे कपडा परत करी. बहुतेक जण थांबत.

असं त्यांचं बरं चाललं होतं. म्हणजे बरं नव्हतं, पण चाललं होतं.

त्यात रंगाऱ्याची मोठी बहीण तीन आठवड्यांसाठी राहायला आली. तिच्या घराची जमीन उखडून नवी फरशी बसत होती. या ताई शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या, आणि शाळा सुटली तरी शिकवायची सवय सुटली नव्हती. मनाने चांगल्या. आईवडील लवकर गेले तेव्हा या धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं होतं. भाऊ पन्नाशीला आला तरी त्या त्याला 'धाकट्या' म्हणत, आणि भावजयीला कौतुकाने की टोमण्याने ते कळू न देता 'लाजाळूचं झाड'.

आल्या दिवशी त्यांनी पावडर, केसांचं तेल, सुगंधी साबण सगळं जिन्याखालच्या खोलीत ठेवलं. "तुमच्या घरचे नियम ते नियम," त्या म्हणाल्या. पण चौथ्या दिवसापासून त्यांचं निरीक्षण सुरू झालं. भावजय कधी उठते, कधी आडवी होते, कशाने तोंड वाकडं करते. आठव्या दिवशी भाऊ कामाला गेल्यावर त्या म्हणाल्या, "एक विचारू? राग नाही ना येणार?"

"विचारा ना ताई."

"काल धाकटा आला, तेव्हा तुला वास आला नाही. परवा पण नाही. पण समोरच्या बाईने हाक मारली की लगेच तुझं डोकं. हे मनाचं तर नाही ना गं?"

"समोरच्या वहिनी फरशी पुसायच्या फडक्यानिशी दारात येतात, ताई. त्या फडक्याला औषधाचा वास असतो."

"हं," ताई म्हणाल्या. त्या 'हं'मध्ये वर्गातल्या मुलाचं उत्तर पटलं नसल्याची सगळी खूण होती.

दहाव्या दिवशी सकाळी ताईंनी पत्र्याची एक छोटी डबी रफूच्या टेबलाशेजारच्या फळीवर ठेवली. म्हणाल्या, "सर्दी झाल्यासारखी वाटतेय गं. निलगिरीच्या तेलात भिजवलेला कापूस आहे यात. झाकण घट्ट आहे, वास यायचा नाही. इथे ठेवू ना?"

तिने डबीकडे पाहिलं. नको म्हणायला हवं होतं, पण नऊ दिवसांत तिने ताईंना बारा गोष्टींना नको म्हटलं होतं, आणि तेरावं नको तोंडातून निघेना. "ठेवा," ती म्हणाली.

राखाडी कोटाच्या बाहीवर काम चालू होतं. उभे धागे झाले होते. आडव्या धाग्यांची सातवी ओळ घालताना तिला वास आला. तिखट, थंड, नाकाच्या मुळाशी जाऊन बसणारा. तिने खिडकी उघडली. दहाव्या ओळीला डाव्या डोळ्यासमोर धागे दुहेरी दिसू लागले. तिने सुई टोचून ठेवली, कोट घडी केला आणि आतल्या खोलीत जाऊन पडदे ओढले. त्यानंतरचा दिवस, रात्र आणि दुसरा दिवस तिने नेहमीसारखा काढला. ताईंनी पाणी आणून दिलं, पातेलं धुतलं, कपाळावर ओला रुमाल ठेवला. हातही लावताना हलका लावला. सेवेत त्यांनी काही कमी केलं नाही, हेही सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती उठून बाहेर आली तेव्हा रंगारी नुकताच जिना चढून आला होता. ताईंनी दोघांना बसवलं. फळीवरची डबी घेतली आणि झाकण उघडून टेबलावर ठेवली.

डबी रिकामी होती.

"धुऊन, उन्हात वाळवून ठेवली होती मी," ताई म्हणाल्या. "निलगिरी नाही नि काही नाही. मी तुला फसवलं, त्याबद्दल तू मला काय हवं ते बोल. पण धाकट्या, तूच सांग. दीड दिवस ही पोर तळमळली. कशाने?"

तिने डबी उचलून नाकाशी नेली. पत्र्याचा वास होता, थोडासा. दुसरं काही नव्हतं. तिला राग आला नाही; राग यायलाही अंगात काही लागतं. तिला फक्त एवढं कळेना, की सातव्या ओळीला आला तो वास कसला होता. कारण तो आला होता. त्याबद्दल तिला आताही शंका नव्हती.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. सहा वर्षं तो कुणाकुणाशी तिच्या बाजूने भांडला होता. घरमालकाशी, शेजाऱ्यांशी, स्वतःच्या मित्रांशी. आता तो डबीकडे बघत होता.

"चहा टाकू का?" शेवटी तो म्हणाला.

ताई ठरल्या दिवशी गेल्या. जाताना तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "मनावर घेऊ नकोस. मनाचं असलं तर उलट बरंच, औषधाशिवाय जाईल."

पुढच्या आठवड्यात ती एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेली. टोपी, काळा चष्मा, कानात बोळे, असा सगळा सरंजाम करून. डबीची गोष्ट सांगितली आणि विचारलं, "मग मी खोटी का?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. "तुम्हाला कधी कुत्रा चावलाय?"

"मला नाही. माझ्या भावाला चावला होता लहानपणी."

"मग साखळीचा नुसता आवाज आला तर त्याचं काय होतं?"

"अंगावर काटा येतो. अजूनही. घाम फुटतो."

"कुत्रा नसला तरी?"

"नसला तरी."

"तो काटा खोटा असतो का?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"तुमच्या शरीराने सहा वर्षं मार खाल्लाय," बाई म्हणाल्या. "आता ते मार बसायच्या आधीच अंग चोरतं. वासाने दुखतं, आणि वास येणार या धास्तीनेही दुखतं. दोन्ही खरं आहे. दुसऱ्यावर थोडं काम करता येईल, सावकाश. पहिलं त्यामुळे खोटं ठरत नाही. तुमच्या नणंदेने अर्धाच प्रयोग केला. भरलेली डबी न सांगता ठेवून बघायची राहिली."

"ते नका सांगू त्यांना," ती घाईने म्हणाली. "त्या करतील."

डॉक्टरीणबाई हसल्या. तीही हसली.

घरी येऊन हे सगळं नवऱ्याला सांगावं असं तिच्या मनात होतं. पण तो विचारेना, आणि न विचारता सांगायला गेलं तर ती वकिली होईल असं तिला वाटलं. डबीबद्दल घरात कुणी शब्द काढला नाही. जेवण, भांडी, झोप सगळं तसंच. फक्त जिन्याखालचा अर्धा तास पंचवीस मिनिटांवर आला, मग वीस. तिला ते वरून, नळाच्या आवाजावरून कळे.

मग एक दिवस नळ वाजलाच नाही.

जिन्यावर पावलं आली ती थेट. पहिल्या मजल्यावर पोचायच्या आधीच तिला कळलं. टर्पेंटाइन, ऑइलपेंट, त्याखाली पॉलिशपेपरने घासलेल्या जुन्या रंगाची धूळ. ती खिडकीशी बसली होती, सुईत धागा होता. तो दारात आला. वरचा सदरा बदललेला होता, पण आतला बनियन कामाचाच होता. गळ्याशी पांढऱ्या रंगाचा ठिपका दिसत होता. तो आत आला नाही. उंबऱ्यावर उभा राहून तिच्याकडे बघत राहिला. तिने इतक्या वर्षांत बऱ्याच जणांना तसं, खरं की खोटं ते जोखत बघताना पाहिलं होतं. हा आजवर त्यांतला नव्हता, एवढंच.

तिने हातातली ओळ पुरी केली. धागा कापला. सुई सुयांच्या उशीत टोचली आणि उठून आत गेली.

ते दुखणं तीन दिवस चाललं. दुसऱ्या दिवशी तिला उजेड आणि अंधार यांतला फरक सांगता येत नव्हता. रंगारी कामावर गेला नाही. त्याने एकदा आंघोळ केली, मग परत एकदा केली, आणि दुपारी तिसऱ्यांदा. तिन्ही दिवस तो पलंगापासून दोन हात लांब, जमिनीवर बसून राहिला.

चौथ्या दिवशी सकाळी तिने मऊ भात खाल्ला. तो ताटली घेऊन उठला आणि पाठ करूनच म्हणाला, "मी मुद्दाम तसा आलो होतो."

"माहीत आहे."

"लगेच कळलं तुला?"

"जिन्यात."

तो ताटली हातात धरून उभा राहिला. "तू बोलली का नाहीस? ओरडायचं तरी."

"तुम्हाला बघायचं होतं ना? मी ओरडले असते तर तुम्हाला दिसलं नसतं. ओरडणं दिसलं असतं."

तो खाली बसला. मग तिने डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं. कुत्रा, साखळी, अर्धा प्रयोग.

"म्हणजे धास्तीनेही होतं," तो शेवटी म्हणाला.

"होतं. किती वेळा धास्तीने आणि किती वेळा वासाने, ते मला सांगता येत नाही. मला आतून दोन्ही सारखंच दिसतं. तुम्हाला ते चालणार असेल तर बघा."

"चालणार नाही म्हणून कुठे जाऊ? घरात शिरायलाच अर्धा तास लागतो, निघायला किती लागेल?"

तिला हसू आलं आणि डोकं दुखलं. ती कपाळ धरून हसली.

त्या दिवशी दोघं बराच वेळ बोलत बसली. तिने विचारलं, "सध्या काम कुठे चाललंय?" आणि तो अडखळला. आजारानंतर त्याने घरात कामाची गोष्ट काढणंच सोडून दिलं होतं. रंगाचं नाव घेतलं तरी हिचं डोकं चढेल, असं त्याने आपलं आपणच ठरवून टाकलं होतं. म्हणजे धास्ती तिच्या एकटीच्याच अंगात शिरलेली नव्हती.

"सांगा ना," ती म्हणाली. "शब्दांना वास नसतो."

मग तो सुटला. सरकारी वाचनालयाचा जिना त्याने उन्हाळ्याच्या तोंडाला रंगवला होता. चार मजले, मधे खिडकी नाही, खाली दिवसासुद्धा अंधार. सगळीकडे एकच पिवळा मारा असा तिथल्या साहेबांचा हुकूम होता. याने त्यांना गळ घालून दर मजल्याला रंग एकेक छटेने फिका करत नेला. तळाला गडद मधासारखा, वर चौथ्या मजल्यावर जवळजवळ दुधासारखा. छटा स्वतः घोटल्या, एकही डबा तयार घेतला नाही. "वर चढत गेलं की उजाडत जातं," तो म्हणाला. "माणसं वर पोचतात आणि इकडेतिकडे बघतात, दिवा कुठे लागलाय म्हणून. एकालाही कळलेलं नाही." सांगताना त्याचे हात हवेत भिंत रंगवत होते. तीन महिने ही गोष्ट तो पोटात घेऊन फिरत होता.

"मला बघायचाय," ती म्हणाली.

"वेडी आहेस का? आत्ता कुठे उठलीस."

"आत्ता नाही. अजून महिनाभराने. तोवर रंग पुरता सुकेल. सुट्टीच्या सकाळी, माणसं नसताना."

"तरी दोन दिवस पडशील."

"पडेन. ते माझे दोन दिवस आहेत. कशावर घालवायचे ते मी ठरवीन. फुकट गेलेले आजवर काय कमी आहेत?"

मध्यंतरी ताई एकदा दोन दिवसांसाठी येऊन गेल्या. डबीचा विषय त्यांनी काढला नाही आणि आपलं मतही बदललं नाही. भावाला बाजूला घेऊन "मन घट्ट करायला शिकव तिला," असं त्या पुन्हा सांगून गेल्याच. पण त्यांनी पिशवी उघडली तेव्हा त्यांच्या कपड्यांना कसलाच वास नव्हता. वाळूसारखे कोरडे, दहाबारा दिवस वाऱ्यावर टाकलेले.

मग ती वाचनालयात गेली. शिपाई रंगाऱ्याच्या ओळखीचा होता, त्याने मागचं दार उघडून दिलं. टोपी, काळा चष्मा, कानात बोळे. तळाशी ती भिंतीपासून लांब उभी राहिली आणि सावकाश श्वास घेऊन पाहिला. वास होता, पण लांबचा होता, आदल्या वर्षीच्या भांडणासारखा. छातीत धडधड सुरू झाली. ही साखळी की हा कुत्रा, असं तिने स्वतःला विचारलं, उत्तर मिळालं नाही, आणि तिने पायरीवर पाय ठेवला.

पहिल्या मजल्यावर ती थोडं बसली. दुसऱ्यावर चष्मा काढला. रंगारी दोन पायऱ्या मागे होता, पाठीशी हात धरल्यासारखा, पण हात न लावता. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर ती थांबली आणि भिंतीला नाक लागेल इतकी जवळ गेली.

"अगं, मागे हो!"

"इथे जोड दिसतोय."

"कुठे?"

"हा काय. इथवर एक छटा, इथून दुसरी. बाकी सगळीकडे एकातून दुसरी निघते, इथे ती चिकटवल्यासारखी झालीय."

तो पुढे आला. डोळे बारीक करून बघितलं. मान तिरकी करून बघितलं. वाचनालयाचे साहेब, इंजिनियर, दोन कंत्राटदार आणि रोजची शेकडो माणसं त्या भिंतीजवळून गेली होती. "त्या दिवशी घाईत होतो," तो हळूच म्हणाला. "दुसऱ्या छटेचा हात पहिली ओली असतानाच मारायचा होता. जेवायला गेलो आणि राहिलं."

"बाकीचं छान आहे," ती म्हणाली. "खरंच उजाडतं."

चौथा मजला तिने खालूनच बघितला. डाव्या कपाळाने निरोप धाडला होता. वीस मिनिटं झाली होती. दोघं उतरली.

दुखणं अडीच दिवस राहिलं, म्हणजे अंदाजापेक्षा अर्धा जास्त. पडदे, पातेलं, ओला रुमाल, सगळं रीतसर झालं. मधे मधे डोळे मिटल्यावर तिला मधाचा रंग दिसे, मग जरा फिका, मग आणखी फिका. त्याने दुखणं कमी झालं नाही. पण बघायला काहीतरी होतं.

बुधवारी ती उठून बसली. संध्याकाळी खाली नळ वाजला, पुरा अर्धा तास. रंगारी वर आला, जेवायला बसला आणि दुसरा घास घेताना म्हणाला, "आज जेवणाच्या सुट्टीत जाऊन आलो वाचनालयात. तो जोड घासून काढला. दोन हात मारले, बारीक ब्रशने."

"आता दिसत नाही?"

"मला आधीही दिसत नव्हता. तुलाच बघावं लागेल."

"पुढच्या वर्षी," ती म्हणाली, आणि त्याच्या ताटात भाजी वाढली.